फर्स्ट ऑर्डर: २० मिनिटांत ३०% तर ९०% ला किती वेळ? माझी तीन उत्तरं आली, तिन्ही चूक

अर्धवट_अणू

नमस्कार मंडळी, कायनेटिक्समधला (रिॲक्शनच्या वेगाच्या चॅप्टरमधला) एक साधा प्रश्न आहे (साधा म्हणे!) आणि काल रात्रीपासून त्याने डोक्याचा पार भुगा केलाय. प्रश्न असा की एक फर्स्ट ऑर्डर रिॲक्शन २० मिनिटांत ३०% पूर्ण होते, तर ९०% पूर्ण व्हायला किती वेळ लागेल. बस, एवढंच. मागे उत्तर दिलंय १२९ मिनिटं.

आधी मी सरळ त्रैराशिक मांडलं, ३० ला २० तर ९० ला ६०. हे चूक आहे एवढं कळतं मला, नाहीतर अख्खा चॅप्टर कशाला ठेवला असता, पण का चूक आहे ते खरं सांगायचं तर मनापासून पटत नाही. मग फॉर्म्युला घेतला, के = (२.३०३ / टी) × लॉग (ए० / ए) (के म्हणजे रेट कॉन्स्टंट, टी म्हणजे वेळ), ए० ला १०० टाकलं, ए ला ३० टाकलं, के आला ०.०६०२. तोच के घेऊन ए ला ९० टाकलं तर वेळ आला १.७५ मिनिटं. म्हणजे ३०% व्हायला वीस मिनिटं आणि ९०% व्हायला पावणेदोन. हसू नका. मग मैत्रीण म्हणाली अगं ३० नाही ७० टाकायचे, ते टाकले, के आला ०.०१७८, म्हटलं आता जमलं, शेवटचा वेळ काढला तर २९७ मिनिटं!!

फॉर्म्युला पाठ आहे, डेरिव्हेशन पण येतं, तरी हे असं. नुसतं उत्तर देऊ नका प्लीज, उत्तर आहे माझ्याकडे, माझं घोडं कुठे अडलंय ते सांगा.

जुना_फ्लास्क

तिन्ही चुका वेगवेगळ्या आहेत हे बरं झालं, एकच चूक तीनदा झाली असती तर जास्त अवघड होतं.

फॉर्म्युला पाच मिनिटं बाजूला ठेव. फर्स्ट ऑर्डर म्हणजे काय, तर जेवढं शिल्लक आहे त्याच्या प्रमाणात संपणार. वीस मिनिटांत १०० चे ७० राहिले ना? मग पुढच्या वीस मिनिटांत परत ३० जाणार नाहीत, त्या उरलेल्या ७० चे ३०% जाणार, म्हणजे २१, राहिले ४९. त्यापुढच्या वीसमध्ये ४९ चे ७०% राहणार, ३४.३. बघ, इथे ६० मिनिटं झाली आणि अजून ३४ शिल्लक आहेत, तुझं त्रैराशिक म्हणत होतं की १० च राहायला हवेत. त्रैराशिकात आपण नकळत धरून चालतो की वेग पहिल्या मिनिटाला जेवढा तेवढाच शेवटपर्यंत राहील, आणि इथे तर माल कमी होईल तसा वेगही कमी होत जातो.

तसंच पुढे चल: ८० मिनिटांना २४, १०० ला १६.८, १२० ला ११.८, १४० ला ८.२. आपल्याला १० उरायला हवेत (९०% झालं म्हणजे १०% उरलं), ते १२० आणि १४० च्या मधेच कुठेतरी येणार. लॉग नाही, कॅल्क्युलेटर नाही, पाठ केलेलं काही नाही, आणि ६०, १.७५, २९७ ही तिन्ही उत्तरं दारातच अडवली जातात. मी आजही कुठलंही फर्स्ट ऑर्डरचं गणित आलं की आधी कागदाच्या कडेला ही अशी उतरंड मांडतो, मग फॉर्म्युल्याला हात लावतो.

आता दुसरी चूक. फॉर्म्युल्यातला ए म्हणजे संपलेलं नाही, उरलेलं. प्रश्न जवळजवळ कायम "इतके टक्के पूर्ण झाली" असा येतो आणि फॉर्म्युला मागतो उरलेलं, गोची तिथेच असते. त्यामुळे प्रश्न वाचल्या वाचल्या, पेन हातात आहे तोवरच, ३०% च्या वर ७० लिहून टाकायचं आणि ९०% च्या वर १०.

तिसरी चूक मला वाटतं बटणाची आहे. २९७ ला २.३०३ ने भागून बघ.

अर्धवट_अणू

१२८.९६… अरे देवा. म्हणजे मी २.३०३ दोनदा गुणलंय?

जुना_फ्लास्क

हो. के काढताना तू लॉगचं बटण दाबलंस, म्हणून तो बरोबर आला. वेळ काढताना २.३०३ लिहून पुढे एलएनचं (नॅचरल लॉगचं) बटण दाबलंस. तो २.३०३ आकाशातून पडलेला नाही, दहाचा नॅचरल लॉग आहे तो, नॅचरल लॉगचा साधा लॉग करायचा म्हणून पुढे लावतात. एलएन वापरलंस तर २.३०३ लागतच नाही, लॉग वापरलंस तर लागतो. दोन्ही एकदम घेतलं की उत्तर २.३ पट मोठं, आणि लॉग घेऊन २.३०३ विसरलं की तेवढ्याच पटीने छोटं. कुठलंही उत्तर साधारण सव्वादोन-अडीच पटीने हुकलं की मी दुसरं काही बघतच नाही, आधी हे बघतो.

आणि गंमत बघ, इथे बटण दाबायची गरजच नव्हती. १०० भागिले १० म्हणजे १०, आणि दहाचा लॉग १. टी = २.३०३ / ०.०१७८३ = १२९. संपलं.

लॉगटेबल

वरचं सगळं बरोबर आहे, फक्त एक जोड. के काढायचाच कशाला? प्रश्नात के विचारलाय का? नाही. एकच रिॲक्शन, एकच तापमान, म्हणजे के दोन्हीकडे तोच, तो भागाकारात उडतो. मग राहतं

दुसरा वेळ / पहिला वेळ = लॉग (१००/१०) / लॉग (१००/७०) = १ / ०.१५४९ = ६.४५६

आणि २० × ६.४५६ = १२९.१. एका ओळीत होतं, आणि के ची किंमत मधेच तोडून पुढे वापरल्यामुळे जी चूक शिरते तीही होत नाही. के ०.०१७८३ च्या ऐवजी कुणी ०.०१८ धरला तर १२८ येतात, ०.०२ धरला तर ११५. हे "साधारण धरू" प्रकरण कायनेटिक्समध्ये फार महागात पडतं.

दुसरी गोष्ट जी मला कुणी वेळेवर सांगितली नाही. ९०% ला लागणारा वेळ २.३०३/के. ९९% ला उरतो १, गुणोत्तर १००, लॉग २, म्हणजे वेळ बरोब्बर दुप्पट. ९९.९% ला तिप्पट. म्हणजे पुढचा प्रत्येक ९ त्याच भावात मिळतो. तुझ्या रिॲक्शनमध्ये ९०% ला १२९, ९९% ला २५८, ९९.९% ला ३८७ मिनिटं. आणि १००% ला? ते कधीच नाही, उरलेलं शून्य टाकलं की कॅल्क्युलेटर एरर दाखवतो आणि त्याचं बरोबर आहे. "रिॲक्शन पूर्ण व्हायला किती वेळ" असा प्रश्न दिसला तर समजायचं की लिहिणाऱ्याच्या मनात ९९.९% किंवा तसलं काहीतरी आहे.

हाफ लाइफमध्ये (अर्ध संपायला लागणाऱ्या वेळात) बोलायचं तर ९९.९% म्हणजे जवळजवळ दहा हाफ लाइफ, कारण २ चा दहावा घात १०२४, म्हणजे उरलं साधारण हजारातलं एक. तुझ्या गणितात हाफ लाइफ ०.६९३ / ०.०१७८३ = ३८.९ मिनिटं, दहापट ३८९, वरच्या ३८७ शी ताडून बघ.

घाईत_आहे

एवढं कशाला, थोड्या टक्क्यांसाठी त्रैराशिक मस्त चालतं, आम्ही तर अंदाज काढायला तेच करतो, वेळ वाचतो

लॉगटेबल

@घाईत_आहे चालतं, पण "थोड्या" म्हणजे किती ते सांगून जा ना भाऊ, नाहीतर ती वर परत ६० लिहील. १% चा वेळ माहीत असेल तर २% ला २.०१ पट लागतो, इथे त्रैराशिकाला कुणी नाव ठेवणार नाही. ५% वरून १०% ला २.०५ पट, हेही ठीक. ३०% वरून ६०% ला २.५७ पट, झाला का घोळ. आणि ३०% वरून ९०% ला तीनपट नाही, ६.४६ पट. माझा हिशोब असा की दहा टक्क्यांच्या पुढे त्रैराशिकाचं नाव काढायचं नाही.

घाईत_आहे

बरं बाबा, १०% च्या आत. मान्य.

अर्धवट_अणू

खूप खूप थँक्यू सगळ्यांना, ती उतरंड बघून पहिल्यांदा असं वाटलं की मला हे दिसतंय, नुसतं येतंय असं नाही. १००, ७०, ४९ करत मी अजून दोन गणितं सोडवली, दोन्ही बरोबर आली.

पण (पण आहेच) त्याच सेटमध्ये पुढचं गणित गॅसचं आहे आणि तिथे परत गाडी रुळावरून घसरली. बंद भांड्यात ए हा गॅस तुटून बी आणि सी हे दोन गॅस होतात, एकाचे दोन. सुरुवातीला फक्त ए आहे, प्रेशर ०.४०० ॲटमॉस्फिअर. ५० मिनिटांनी एकूण प्रेशर ०.५२०. के काढा. आणि दुसरा भाग, एकूण प्रेशर ०.७०० कधी होईल. मी सुरुवातीचं ०.४ आणि उरलेलं ०.५२ टाकलं तर लॉग मायनस येतो, के मायनस ०.००५२५. मायनस खोडून टाकलं (सॉरी). उत्तरात ०.००७१३ आहे.

जुना_फ्लास्क

मायनस खोडणं म्हणजे धुराचा अलार्म वाजला म्हणून त्याची बॅटरी काढण्यासारखं आहे. के मायनस आला म्हणजे गणित तुला ओरडून सांगत होतं की "उरलेलं" हे सुरुवातीपेक्षा जास्त कसं असेल बाई!

०.५२ हे ए चं प्रेशर नाहीच, सगळ्यांचं मिळून आहे. ए चं प्रेशर एक्सने कमी झालं तर बी चं एक्सने वाढलं आणि सी चंही एक्सने वाढलं. एकूण = ०.४ − एक्स + एक्स + एक्स = ०.४ + एक्स. हे ०.५२ आहे, म्हणजे एक्स ०.१२, म्हणजे ए उरला ०.२८. आता गुणोत्तर काढ, ०.४ / ०.२८. ओळखीचं वाटतंय का? १००/७० च आहे ते. तुझं पहिलं गणितच वेष पालटून आलंय, फक्त २० च्या जागी ५० मिनिटं. के = ०.३५६७ / ५० = ०.००७१३ दर मिनिटाला.

इथे पोरं "ए चं प्रेशर = २ × सुरुवातीचं − एकूण" असं पाठ करतात. करू नकोस. ते फक्त एकाचे दोन होत असतील तेव्हाच खरं. सल्फ्युरिल क्लोराइड तुटून सल्फर डायऑक्साइड आणि क्लोरीन होतं, तिथे चालेल. डायनायट्रोजन पेंटॉक्साइडला लावलंस तर फसशील, तिथे एका रेणूपासून दोन नायट्रोजन डायऑक्साइड आणि अर्धा ऑक्सिजन, एकाचे अडीच होतात, म्हणून एकूण = सुरुवातीचं + १.५ एक्स. प्रत्येक वेळी ती एक ओळ मांडायला दहा सेकंद लागतात, मांड. आणि हे सगळं भांड्याचा आकार आणि तापमान बदलत नाहीये म्हणून चाललंय, तेवढं लक्षात असू दे.

दुसरा भाग तू कर, मी सांगत नाही.

ब्युरेटवाली

मी जरा उशिरा आले पण हा विषय माझा आवडता (आणि नावडता) आहे, कारण प्रॅक्टिकलमध्ये याच "उरलेलं किती" ने मला महिनाभर रडवलंय.

वहीतल्या गणितात तुम्हाला टक्के आयते मिळतात. लॅबमध्ये टक्के कुणी देत नाही, तिथे ब्युरेटचं रीडिंग मिळतं. मिथाइल ॲसिटेट या एस्टरचं हायड्रोलिसिस (पाण्याने तुटणं) घ्या, हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये एस्टर टाकायचं, ठराविक वेळाने पिपेटने थोडं काढून बर्फाच्या पाण्यात सोडायचं म्हणजे रिॲक्शन जवळजवळ थांबते, आणि ब्युरेटमधून सोडियम हायड्रॉक्साइड सोडत टायट्रेट करायचं (किती लागलं ते मोजायचं), फिनॉल्फ्थॅलिनचा फिकट गुलाबी येईपर्यंत. (वेळ कधी लिहायची यावरून आमच्या टेबलावर भांडणं व्हायची, पिपेट अर्धी रिकामी झाली की स्टॉपवॉच बघायचं असं शेवटी ठरलं.) आता जे रीडिंग येतं त्यात काय काय आहे बघा: मुळातलं हायड्रोक्लोरिक, ते कॅटॅलिस्ट आहे म्हणून तेवढंच राहतं, आणि वर नवीन तयार झालेलं ॲसिटिक ॲसिड. म्हणजे रीडिंग वाढत जातं, आणि आपल्याला हवं असतं ते एस्टर तर ब्युरेटला दिसतच नाही.

म्हणून इन्फिनिटीचं रीडिंग लागतं, सगळं एस्टर संपल्यावरचं. इन्फिनिटी वजा सुरुवातीचं म्हणजे सुरुवातीचं एस्टर, इन्फिनिटी वजा आत्ताचं म्हणजे उरलेलं एस्टर. वरच्या गॅसच्या गणितात पण हेच आहे, बघा ना, सगळा ए संपला की एकूण प्रेशर ०.८ होणार, (०.८ − ०.४) / (०.८ − ०.५२) केलं की तेच ०.४ / ०.२८. मला हे जोडलेलं दिसलं त्या दिवशी चॅप्टरचं अर्ध ओझं उतरलं होतं.

आता माझी फजिती, समजायला सोपे जावेत म्हणून आकडे गोल करून सांगते. सुरुवातीला ११.२ मिली, ३० मिनिटांनी १४.६, १२० मिनिटांनी २१.२४, आणि इन्फिनिटी खरं तर २८.२ यायला हवं होतं. तसं धरलं तर १७.० / १३.६ = १.२५, के ०.००७४४ दर मिनिटाला, आणि १२० च्या रीडिंगवरून काढला तरी ०.००७४४, छान एकसारखा. पण आम्ही इन्फिनिटीचा फ्लास्क लवकर उरकावा म्हणून गरम पाण्यात ठेवला आणि बूच नीट बसवलंच नाही. मिथाइल ॲसिटेट ५७ डिग्रीलाच उकळतं, काय झालं असेल ते तुम्हीच समजा, ॲसिड व्हायच्या आधीच थोडं एस्टर उडून गेलं, आणि रीडिंग आलं २६.२. मग ३० मिनिटांवरून के ०.००८५७ आणि १२० मिनिटांवरून ०.००९२२. के वाढत चाललाय! मी वहीत लिहिलं की वेळेनुसार के वाढतो. के म्हणजे कॉन्स्टंट हो, नावातच आहे!! तपासणाऱ्यांनी लाल पेनने तीन प्रश्नचिन्हं काढली होती आणि बाजूला काहीही लिहिलं नव्हतं, ते जास्त लागलं.

दोन मिलीचा फरक आधीच्या रीडिंगवरून काढलेला के १५ टक्क्यांनी आणि नंतरच्या रीडिंगवरून काढलेला के २४ टक्क्यांनी वाढवतो, कारण उशिरा उरलेलं एस्टरच थोडं असतं आणि त्यातून दोन मिली गेले की फार वाटतात. तेव्हापासून के एका दिशेने सरकताना दिसला की मी मधली रीडिंगं तपासत बसत नाही, आधी इन्फिनिटीला पकडते.

जुना_फ्लास्क

@ब्युरेटवाली वा, बूच विसरण्याच्या क्लबात स्वागत आहे.

यावरून आठवलं, हे सगळं जिथून सुरू झालं तिथेही हीच वजाबाकी आहे. १८५० मध्ये लुडविग विल्हेल्मी नावाच्या जर्मन माणसाने ॲसिडमध्ये साखरेचं पाणी ठेवून पोलॅरिमीटरने (प्रकाशाचं प्रतल किती फिरतं ते मोजणाऱ्या यंत्राने) बघितलं की साखर तुटण्याचा वेग उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो. साखर प्रकाशाचं प्रतल उजवीकडे फिरवते, तुटून होतात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, त्यातलं फ्रुक्टोज डावीकडे इतकं जोरात फिरवतं की शेवटी एकूण कोन मायनसमध्ये जातो. समजा सुरुवातीला +३४ डिग्री, शेवटी −१०. आता सांगा, अर्धी साखर कधी संपली, कोन १७ झाला तेव्हा? नाही. सुरुवातीपासून शेवटापर्यंतचं अंतर ४४ आहे, त्याचं अर्ध २२, म्हणजे कोन +१२ असताना. आणि कोन शून्य झाला म्हणजे साखर संपली असंही नाही, ४४ पैकी १० अजून बाकी आहेत, तेवीसेक टक्के साखर शिल्लक असते तेव्हा. मायनस दहा वजा करताना अधिक होतं हे विसरून मी एकदा सुरुवातीची साखर ४४ च्या ऐवजी २४ धरली होती, तिथून पुढे जे काही झालं ते सांगण्यासारखं नाही.

शंकासुर

सगळे एवढं छान समजावताय तर एक खुसपट काढतो, माफ करा. डायनायट्रोजन पेंटॉक्साइडचा उल्लेख झाला म्हणून. समीकरण जर "२ ए पासून प्रॉडक्ट" असं लिहिलं असेल आणि रेटची व्याख्या समीकरणातल्या आकड्याने भागून केली असेल, तर ए संपण्याचा वेग दोन के × ए होतो, मग एलएन (ए० / ए) = २ के टी, आणि हाफ लाइफ ०.६९३/के नाही, ०.६९३/२के. काही पुस्तकं ही व्याख्या घेतात, काही ए संपण्याच्या वेगालाच रेट म्हणतात आणि के टी लिहितात. दोन्हींच्या के मध्ये दुपटीचा फरक. पोरं बिचारी रात्रभर आपली चूक शोधत बसतात आणि चूक नसतेच. उत्तर बरोब्बर दुपटीने किंवा निमपटीने हुकलं तर वर रेट कसा लिहिलाय ते आधी बघा.

लॉगटेबल

@शंकासुर खुसपट नाही, महत्त्वाचं आहे. पण म्हणूनच तर म्हणतोय, के काढूच नका गरज नसेल तर! "३०% ला २० मिनिटं तर ९०% ला किती" यात के ची व्याख्या काहीही घ्या, उत्तर १२९ च, कारण तो दोन तर दोन्हीकडे आहे, उडून जातो. वेळेला फक्त गुणोत्तर कळतं.

शंकासुर

हे मात्र खरं.

घाईत_आहे

प्रश्न: ब्युरेटवाली ताईंच्या त्या एस्टरमध्ये पाणी पण रिॲक्ट होतं ना? मग दोन जण आले, ऑर्डर दोन व्हायला पाहिजे, फर्स्ट ऑर्डर कसं?

ब्युरेटवाली

घाईत असून चांगला प्रश्न विचारलास. पाणी रिॲक्ट होतं, पण पाणी इतकं प्रचंड आहे (लिटरमागे ५५ मोलच्या आसपास) की एस्टर सगळं संपलं तरी पाण्यात फरक पडल्याचं कळतही नाही. म्हणून त्याचं कॉन्सन्ट्रेशन के च्या पोटात जातं आणि बाहेरून रिॲक्शन फर्स्ट ऑर्डर दिसते, त्याला स्यूडो फर्स्ट ऑर्डर म्हणतात. ॲसिडचंही तसंच, ते संपत नाही, पण जास्त घातलंस तर के वाढतो. म्हणजे हा के त्या ॲसिडपुरता, त्या तापमानापुरता. दुसऱ्याच्या वहीतला के ढापताना हे लक्षात ठेव (मी ठेवलं नव्हतं).

अर्धवट_अणू

बाप रे, केवढं लिहिलंत तुम्ही सगळ्यांनी. ब्युरेटवाली ताई, आमचं एस्टरचं प्रॅक्टिकल पुढच्या आठवड्यातच आहे, मी बूच दोनदा तपासणार.

दुसरा भाग केला. एकूण ०.७, म्हणजे एक्स ०.३, म्हणजे ए उरला ०.१, गुणोत्तर ०.४ / ०.१ = ४. चार म्हणजे दोनदा अर्ध, म्हणजे दोन हाफ लाइफ, लॉग लागलाच नाही!! हाफ लाइफ ०.६९३ / ०.००७१३ = ९७.२, दोन हाफ लाइफ १९४.४. उतरंडीने पण ताडून बघितलं, ५० ला ०.२८, १०० ला ०.१९६, १५० ला ०.१३७, २०० ला ०.०९६, म्हणजे ०.१ हे २०० च्या जरा आधी, बरोबर बसतंय.

पण मागे उत्तर दिलंय १.१७ × १० चा चौथा घात. परत कुठे चुकले??? २.३०३ नाही, दुप्पट पण नाही, हे तर साठ पटीने हुकलंय.

लॉगटेबल

साठ पटीने म्हणालीस ना. प्रश्नाची शेवटची ओळ परत वाच, उत्तर कशात मागितलंय.

अर्धवट_अणू

सेकंदात.